दहा तासांचा सौदा

हनोईच्या जुन्या भागात पाऊल टाकलं की टूर विकणाऱ्यांचे फळे सुरू होतात. हालाँग, निन्ह बिन्ह, सकाळी नेऊन संध्याकाळी परत, जेवणासकट. आम्हीही हालाँगला बसने जाऊन आलो आणि त्याबद्दल तक्रार नाही. समुद्रातले ते चुनखडीचे सुळके पाहण्यासारखेच आहेत. पण बसमधल्या तीस-चाळीस माणसांना मिळून घड्याळ एकच. ऊन कलतं, पाण्यावर रंग चढायला लागतो आणि नेमकी तेव्हाच गाईड झेंडा हलवून "चला" म्हणते. मला फोटो काढायचे होते, आणि त्याला लागतो तो वेळ बसच्या तिकिटात मिळत नाही. म्हणून हनोईजवळच्या उदबत्तीच्या काड्यांच्या गावासाठी एक दिवस गाडी, ड्रायव्हर आणि गाईड असं सगळं आमच्या दोघींपुरतं ठरवलं. दोघी म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण. मी कॅमेरेवाली, ताई सोबतीला, असं घरी जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात दिवसाचा कारभार बराचसा ताईनेच पाहिला.

बोलणी निघायच्या आधीच व्हॉट्सॅपवर झाली होती. दोन-तीन ठिकाणी विचारलं, त्यातली एक गाईड पटली, कारण तिने भाव सांगण्याआधी प्रश्न विचारले. किती चालता येतं? काय खात नाही? आणि फोटो कोणाचे हवेत: जागेचे, तिथल्या माणसांचे, की तुमचे स्वतःचे? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, सगळी टूर त्यावर बेतलेली असते. तिच्याकडे येणारी बहुतेक गिऱ्हाइकं तिसऱ्या प्रकारची. त्यांच्यासाठी भाड्याचा आओ झाय, म्हणजे तिथला पारंपरिक लांब पोशाख, उभं राहायच्या ठरलेल्या जागा, हात कुठे ठेवायचा, मान किती वळवायची, सगळं तयार असतं. "माझा फोटो पासपोर्टवर आहे तेवढा पुरे," हे ताईचं म्हणणं मी तिला जमेल तसं कळवलं.

सौदा असा ठरला: सकाळी सहा ते दुपारी चार, दहा तास. दोघींचे मिळून साधारण तेरा हजार रुपये. त्यात गाडी, पेट्रोल, गाईड आणि पाण्याच्या बाटल्या. गावातली फी, जेवण आणि टीप आपली. जेवणाचं हॉटेल त्यांनी आधी पॅकेजमध्ये घातलं होतं, ते मी काढायला लावलं. अशा हॉटेलात जेवायला वेळ फार जातो आणि ऊनही तिथेच वाया जातं.

मी पाठवलेली यादी सात ठिकाणांची होती. तिने तीन खोडली. एक तर ती प्रसिद्ध रेल्वेची गल्ली, जिथे घरांच्या उंबऱ्याला खेटून गाडी जाते आणि पर्यटक कॉफीचा कप धरून फोटो काढतात. २०१९ मध्ये सरकारने तिथली कॉफीची दुकानं बंद केली, मग ती हळूहळू पुन्हा उघडली, २०२२ मध्ये पुन्हा कारवाई झाली, आणि तरी लोक जातातच. ती म्हणाली, तिथे तुम्हाला माझी गरज नाही, संध्याकाळी तुमच्या तुम्ही जा. ड्रोनचं विचारलं तर सरळ नाही म्हणाली, संरक्षण खात्याची परवानगी लागते. गिऱ्हाइकाला "नाही" म्हणणारी गाईड मला भरवशाची वाटते.

तारीख मात्र तिने पक्की केली नाही. दोन दिवस राखून ठेवले आणि आदल्या संध्याकाळी हवामान पाहून सांगते म्हणाली. उत्तर व्हिएतनाममध्ये फेब्रुवारी-मार्चला दिवसचे दिवस बारीक झिमझिम चालते, तेव्हा आम्हाला जायचं होतं त्या गावात काड्या बाहेर वाळत घालत नाहीत, त्यामुळे काही पाहायलाच मिळत नाही. आम्ही गेलो ते डिसेंबरच्या अखेरीस. थंडी स्वेटरची, पाऊस नाही, पण हवेत धुरकट पांढरा पडदा. हनोईचा हिवाळा हल्ली असाच असतो, दिल्लीवाल्यांना घरच्यासारखं वाटेल.

पहिला मुक्काम लाँग बिएन पूल, उजाडता उजाडता. लाल नदीवरचा हा पूल फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये बांधला. हनोईत बरेच जण तो आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा म्हणून सांगतात, पण पुलाच्या टोकाला लोखंडी पाटी आहे, तिच्यावर देदे आणि पिये या पॅरिसच्या कंपनीचं नाव साल घालून ओतलेलं आहे. मधोमध रेल्वेचा रूळ, दोन्ही कडांना मोटरसायकलींची चिंचोळी वाट, आणि तिच्याही कडेला पायी चालायला काँक्रीटच्या लाद्या. लाद्यांमधल्या फटींतून खालचं दिसतं, त्यामुळे ताईने कठडा सोडला नाही. गंमत म्हणजे देशभर वाहनं उजवीकडून चालतात, या पुलावर मात्र डावीकडून. दोन-तीन दिवस रस्ता ओलांडताना चुकीकडे मान वळवून दमलेल्या आम्हाला तेवढाच दिलासा.

अमेरिकेच्या विमानांनी १९६७ पासून या पुलावर पुन्हा पुन्हा बॉम्ब टाकले. पडलेल्या गाळ्यांच्या जागी नंतर साधे, बुटके गाळे बसवले. त्यामुळे पुलाची उंच लोखंडी पाठ मध्येच तुटते आणि पुढे पुन्हा वर चढते. गाईडने आम्हाला नेऊन उभं केलं ते बरोबर अशा ठिकाणी, जिथून हा तुटलेपणा एका चौकटीत बसतो. तिने त्याचं व्याख्यान दिलं नाही. बोट दाखवलं आणि म्हणाली, "इथे थांबा, भाजीवाल्या येतील." आल्या. मोटरसायकलवर मागे दोन्ही बाजूंना पालेभाजीचे भारे, मध्ये बाई, डोक्यावर नॉन ला, म्हणजे पानांची शंकूसारखी टोपी, तोंडाला मास्क. धुरकट उजेडात मागचं लोखंड फिकं पडत गेलं होतं आणि पुढे भाजीचा हिरवा रंग तेवढा उठून दिसत होता. मी चाळीसेक फोटो घेतले. ताई या सगळ्या वेळात खाली बघत होती. नदीच्या मधल्या बेटावर केळी लावली आहेत आणि ताईचं सासर रावेरचं. "लागण विरळ आहे," तिने निकाल दिला, "आणि घडांना पिशव्याही नाहीत." गाईडने काय म्हणाली म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर तिनेही वाकून पाहिलं. या पुलावर इतकी माणसं आणली, केळीबद्दल बोलणारी हीच पहिली, असं म्हणाली.

तिथून पश्चिम तलावाकाठचा त्रान क्वोक पॅगोडा. मूळ सहाव्या शतकातला, नदीकाठ खचायला लागल्यावर १६१५ मध्ये आत्ताच्या बेटावर हलवलेला. लाल रंगाचा अकरा मजली मनोरा फोटोत सुंदर येतो आणि सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. आवारात बोधिवृक्ष आहे, १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी भेट दिलेला. ताईने एक पडलेलं पान उचलून पर्समध्ये ठेवलं, नमस्कार केला, आणि आम्ही निघालो.

खरा दिवस होता तो पुढे. क्वांग फू काऊ हे उदबत्तीच्या काड्यांचं गाव हनोईच्या दक्षिणेला पस्तीस-एक किलोमीटरवर आहे. अंतर मामुली, पण शहराबाहेर पडेपर्यंतच जीव जातो, म्हणून दीड तास धरायचा. गाईडने मुद्दाम दहानंतरची वेळ साधली होती, कारण वाळवण त्याआधी पुरतं मांडून होत नाही आणि उन्हं उतरली की आवरायला घेतात.

गावात शिरलं की लाल रंग सुरू होतो. अंगणात, गल्लीत, दुकानाच्या पायरीवर, भिंतीला टेकून, काड्यांच्या जुड्या. बांबूच्या बारीक काड्या, रंगात बुडवून काढलेल्या. जुडी एका बाजूने बांधलेली असते. बाई ती दोन्ही हातांत धरते, मनगटाला पीळ देते आणि जमिनीवर ठेवता ठेवता झटकते, की वरच्या काड्या गोल पसरतात आणि जुडी आपल्या आपण उभी राहते. की पुढची. दोन बायका बोलत बोलत पाच मिनिटांत अर्धं अंगण भरून टाकतात. हात थांबत नाहीत, गप्पाही थांबत नाहीत. चांद्र नववर्ष, म्हणजे तेत, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत केव्हातरी येतं. त्याच्या आधीचे दोन-तीन महिने इथे घाईचे, कारण घरोघरी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे काड्या लागतात. एका वेळी विषम संख्येने लावायच्या, बहुतेक तीन.

आता ज्या फोटोसाठी लोक एवढ्या लांब येतात त्याबद्दल सरळ सांगते. लाल जुड्यांच्या मधोमध पांढऱ्या पोशाखातली मुलगी, वरून घेतलेली, असा जो फोटो सगळीकडे दिसतो, त्यातलं अंगण कामाचं नाही. ते पाहुण्यांसाठी मांडलेलं आहे. लालबरोबर पिवळ्या, हिरव्या, निळ्या जुड्याही रचलेल्या, एका ठिकाणी काड्यांनी व्हिएतनामचा नकाशा काढलेला. माणशी पन्नास हजार डोंग द्यायचे, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपयांच्या आतबाहेर. त्यात वरून फोटो घ्यायला मचाणावर चढता येतं आणि टोपी हातात मिळते.

यात काही खोटं आहे असं मला वाटलं नाही. का, ते तिथल्या मालकाशी बोलल्यावर जास्तच पटलं. आम्ही भारतातल्या म्हटल्यावर त्याने आतून चहा मागवला. गाईड मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती. भारतात या गावातून काड्यांचे कंटेनर जायचे, तो म्हणाला. मग बंद झाले. त्याला साल पाठ होतं: २०१९. त्या ऑगस्टमध्ये भारताने उदबत्तीची मोकळी आयात परवान्याखाली आणली, आणि २०२० च्या जूनमध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क दहा टक्क्यांवरून पंचवीस टक्के केलं. आपल्याकडे ती बातमी देशी उदबत्तीला आधार मिळाला म्हणून छापून आली. तीही खरीच, आपले काड्या पाडणारे चीन आणि व्हिएतनामच्या स्वस्त मालाखाली पार दबले होते. त्या बातमीचं दुसरं टोक या अंगणात होतं. गिऱ्हाईक गेलं, यंत्रं थंडावली, आणि त्याच सुमाराला शहरातून फोटो काढणारे यायला लागले होते. ते अंगणात घुसायचे, जुड्या पाडायचे, काम अडायचं. मग वेगळं अंगण मांडलं आणि फी लावली. ज्यांचं वाळवण आहे त्यांनी ते दाखवायचे पैसे घेतले तर बिघडलं कुठे?

"म्हणजे आपल्या देवघरातली काडी इथली असेल?" ताईने विचारलं. तेव्हाची असेलही. मालकाने उलट विचारलं, शुल्क कमी होईल का? "त्याला सांग," ताई म्हणाली, "आमच्या हातात असतं तर आधी कांद्याचं नसतं का पाहिलं?" हे मी गाईडला समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

मचाणावर चढायच्या आधी त्या मांडलेल्या अंगणातून जावं लागतं. वाट जेमतेम पाऊलभर. ताईने चपला काढल्या आणि तिथेच थांबली. "उदबत्तीला पाय लागेल." मी म्हटलं, अगं, नुसत्या काड्या आहेत, मसाला लागायचाय अजून. "लागणार तर आहे ना?" गाईडने मालकाला काहीतरी सांगितलं. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. काम करणारी एक बाई उठली, तिने दोन ओळी जुड्या उचलून बाजूला ठेवल्या आणि ताईला वाट करून दिली. ताई त्या वाटेने अनवाणी, साडी वर धरून, अंग चोरून गेली. वरून तो फोटो मी घेतलाय. जळगावात तोच सगळ्यांना आवडला. पासपोर्टवरच्या फोटोची बढाई मारणारी ताई आता तो स्वतःच दाखवते.

फोटोच्या बाजूने सांगायचं तर लाल रंग दगा देतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र नीट दिसतं, पण लाल भाग फुटलेला असतो, काडी काडी वेगळी दिसत नाही, नुसता लाल थापा. गाईडने पहिलेच दोन फोटो पाहून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड निम्म्यावर, आणायला सांगितलं. शिवाय ढग येईपर्यंत चहा प्या म्हणाली. त्या धुरकट आकाशाची मी सकाळपासून कुरकुर करत होते, इथे तेच कामाला आलं.

आम्ही चहा पीत असताना एक मिनीबस आली. पंधराएक माणसं, सगळ्यांनी आळीपाळीने मचाण, टोपी, नकाशा असं उरकलं आणि अर्ध्या तासात बस गेली. ते गेल्यावर गाईड म्हणाली, आता आत जाऊ. आत म्हणजे मागची शेड. तिथे पाहुण्यांचं अंगण संपतं. बांबू पाडायच्या यंत्राचा कान किटवणारा आवाज, हवेत भुसा, कोपऱ्यात रंगाची टाकी. एक बाई जुडी रंगात बुडवून, निथळून, मागे ठेवत होती. तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत लालभडक, नखांच्या कडा काळपट. मी कॅमेरा खालीच धरून ठेवला होता. गाईड तिच्याजवळ जाऊन बसली, काहीतरी घरचं बोलली, मग विचारलं. तोंडाचा फोटो नको, ती म्हणाली, हातांचा घ्या. घेतला. यंत्राच्या धक्क्याने जमीन हलत होती, तिकडे टाकीतल्या रंगावर बारीक तरंग उठत होते, ते फोटोत आलेत.

दुपारचं जेवण आटोपशीर. तिकडे शाकाहारी जेवणाला कोम चाय म्हणतात आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक ते खातात, त्यामुळे अशा खानावळी असतात. गाईडने आदल्या दिवशीच एक शोधून ठेवली होती आणि माशाचं सॉस भाजीतही नको, हे आत स्वयंपाकघरात जाऊन सांगून आली. भात, टोफू, पाण्यातली पालेभाजी लसूण घालून. ताईने वरून आपला शेंगदाण्याचा ठेचा घेतला आणि गाईडलाही वाढला. तिने दोनदा मागून घेतला.

परतीच्या वाटेवर चुआंग, नॉन ला टोप्यांचं गाव. इथला बाजार चांद्र महिन्याच्या चार, दहा, चौदा अशा ठराविक तिथींना भल्या सकाळी भरतो. त्या दिवशी तो नव्हता, म्हणून आम्ही घरांत गेलो. हे मला बाजारापेक्षा आवडलं असावं. ताडाच्या जातीची कोवळी पानं रस्त्याकडेला उन्हात टाकलेली, हिरवी होती ती पांढुरकी होईपर्यंत. घरात एक आजी तापलेल्या लोखंडावर पान ठेवून कापडाच्या बोळ्याने दाबत ओढत होत्या, सुरकुतलेलं पान कागदासारखं सपाट निघत होतं. मग सांगाड्यावर बांबूच्या सोळा रिंगा, त्यावर पानांचा थर, मध्ये बांबूचं साल, वर पुन्हा पानं, आणि सगळं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने रिंगेला धरून शिवायचं. टाके इतके जवळ की बोटाने मोजता येईनात. ताई शिवणकाम करते, ती आजींच्या शेजारी जमिनीवर बसली आणि गाठ कुठे लपवतात ते शोधत राहिली. सापडलं तेव्हा दोघी हसल्या. खिडकीतून येणारा उजेड एका बाजूने पडत होता आणि कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. फोटोवाल्याला आणखी काय हवं? इथे फी नव्हती. टोपी घेतली, तिची किंमत आजींनी सांगितली तेवढी दिली. ताईने घासाघीस केली नाही, ही बातमी आहे.

हनोईत शिरताना रहदारीने धरलं. चार वाजून गेले, साडेचार झाले. ठरल्यापेक्षा वर झालेल्या वेळेचे पैसे द्यायला मी पाकीट काढलं, तर गाईड म्हणाली अर्धा तास चालतो, ड्रायव्हरला काय द्यायचं ते द्या. दिलं. मग ती जरा घुटमळली. तो हातांचा फोटो तिला आवडला होता, तिच्या जाहिरातीत वापरू का, असं विचारत होती.

"मला काय विचारते?" ताई मागच्या सीटवरून म्हणाली. "त्या बाईला विचार म्हणावं."

गाईडने तिथेच, गाडी सिग्नलला उभी असताना, मालकाला फोन करून आवाजी निरोप ठेवला. हॉटेलच्या दारात उतरत होतो तेव्हा उत्तर आलं. बाईची हरकत नाही. फक्त फोटोखाली शेडचा फोन नंबर टाका, काड्या घाऊक भावात मिळतात, शुल्क धरून परवडत असेल तर भारतातही पाठवतो.